आमचे ढेकूणवाले डॉक्टर

मिलिंद गेल्याची बातमी आली तेव्हा मी लातूरच्या एका गोदामात चाळणी हलवत होते. पोत्यातून काढलेला तुरीचा नमुना चाळायचा, खाली पडलेले भुंगेरे भिंगाखाली धरायचे आणि गोदाममालकाला वाईट बातमी द्यायची, हा माझा धंदा. तेवढ्यात मोबाईल वाजला. नांदेडच्या आमच्या जुन्या संशोधकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, ‘प्रा. डॉ. मिलिंद सर यांचे लातूर येथे हृदयविकाराने दुःखद निधन.’ पुढं आडनाव होतं, गाव होतं, सगळं होतं. पण माझी नजर पहिल्या ‘प्रा.’वरच अडखळली. असतील कुणी प्राध्यापक, असं म्हणून मी चुकचुकले, बाकीच्यांसारखे दोन जोडलेले हात टाकले आणि पुन्हा चाळणीला लागले. कारण मी ज्या मिलिंदला ओळखत होते तो प्राध्यापक नव्हता. तो ढेकूण मारायचा.

थोड्या वेळानं त्याच्या बायकोचा, विशाखाचा फोन आला. “ताई, निघालात का?” मी विचारलं, “कुठं?” पलीकडं नुसती शांतता... मग मला कळलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीला मी दोन जोडलेले हात पाठवून मोकळी झाले होते. हे त्याला समजलं असतं ना, तर तो पोट धरून हसला असता आणि पुढचे सहा महिने भेटेल त्याला सांगत सुटला असता. मी मात्र त्या गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून रडले. हमाल मंडळींना वाटलं, तुरीत फारच कीड निघाली.

नांदेडला प्राणिशास्त्राच्या विभागात मी त्याच्या आधी एक वर्ष पीएच.डी.ला लागले. माझा विषय धरणातले मासे, त्याचा विषय कापसाच्या बोंडांवर बसणारे लाल ढेकूण. एक वर्षानं मोठी म्हणून तो मला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणायला लागला. पुढं माझं लग्न झालं, केस पांढरे झाले, पण मी मॅडमची शैला काही झाले नाही. उन्हातान्हात कापसाच्या रानात फिरून तो बरण्या भरभरून ढेकूण आणायचा आणि एखाद्या बरणीचं झाकण सैल राहायचं. मग आमच्या प्रयोगशाळेत जिकडंतिकडं लाल ठिपके चालत. एकदा तर आमचे गाईड, म्हणजे सर, खुर्चीवरून अशा काही चपळाईनं उठले की त्यांच्या गुडघेदुखीबद्दल आम्हा सगळ्यांच्याच मनात शंका निर्माण झाली. मिलिंद शांतपणे त्यांच्या पाठीवरचा ढेकूण उचलून म्हणाला, “सर, हे चावत न्हाईत. चावणारे याचे चुलतभाऊ. ते वेगळे, ते माणसात राहतात.” त्या चुलतभावांनीच पुढं त्याला पोसलं.

आमच्याकडं पीएच.डी.ची खुली तोंडी परीक्षा म्हणजे अर्धी परीक्षा आणि अर्धं लग्न. परीक्षा संशोधकाची, पण जेवणाची काळजी सगळ्यांना. मिलिंदच्या वेळी त्याचे वडील उमरीजवळच्या त्यांच्या गावाहून जीपभर माणसं घेऊन आले होते. त्यांना घरीदारी सगळे अण्णा म्हणत. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढलेले गुरुजी. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि समोरचा माणूस कितीही मोठा असला तरी तो दुसरीत आहे असं धरून बोलण्याची सवय. घरात पिढ्यान्‌पिढ्यांत पहिली पीएच.डी., त्यामुळं अण्णा पहिल्या रांगेत ताठ बसलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारला, मिलिंद हळू आवाजात उत्तर द्यायला लागला आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, “मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू येऊन न्हाई राहिलं!” परीक्षकसुद्धा दचकून सरळ बसले. निकाल जाहीर झाला तसे अण्णा उठले आणि गावाहून आलेल्या मंडळींकडं वळून म्हणाले, “झालं. आता आपला मिलिंद प्राध्यापक.” पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात त्या एका वाक्यानं झाली.

कारण प्राध्यापक होणं एवढं सोपं कुठं होतं? त्याला लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं, मला बिलोलीकडं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही सर. सुट्टी लागली की तुम्ही कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. दर उन्हाळ्यात अफवा उठायची, जागा भरणार, जाहिरात निघणार. आम्ही इस्त्री केलेले कपडे तयार ठेवायचो. जाहिरात निघायची नाही आणि कपडे पुन्हा चुरगळायचे. मिलिंद म्हणायचा, “मॅडम, मुलाखतीचा हा शर्ट माझ्या अंगाला व्हायचा बंद झाला, तरी मुलाखत होईना.”

लातूरला तो ज्या खोलीत राहायचा तिच्या शेजारीच पोरांचं एक भलंमोठं हॉस्टेल होतं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं गावोगावहून येतात आणि लोखंडी कॉटवर दाटीवाटीनं झोपतात. म्हणजे झोपायला बघतात. हॉस्टेलचे मालक बालाजीराव एका सकाळी मिलिंदच्या दारात येऊन उभे. “सर, तुम्ही किड्यांचे डॉक्टर हाव म्हने. पोरं झोपून न्हाई राहिली. रात्रभर खाजवतात अन् सकाळी क्लासात पेंगतात. आई-बाप मला फोनवर फोन करून राहिले.” त्यांनी रॉकेल ओतून पाहिलं होतं, कापूर जाळून पाहिला होता, दोन गाद्या तर चौकात नेऊन पेटवल्या होत्या. मिलिंदनं जाऊन एक कॉट उलटी केली, सांध्यात सुई घातली आणि तिथूनच मला फोन लावला. “मॅडम, सापडले!” त्या आवाजातला आनंद ऐकून मला वाटलं, याची कुठंतरी निवड झाली.

आणि झालीच होती म्हणायची. पण काम करण्याची त्याची तऱ्हा म्हणजे बालाजीरावांच्या डोक्याला ताप. तो औषध मारून निघून जाणाऱ्यातला नव्हता. आधी सगळ्या पोरांना आपापल्या गाद्या घेऊन गच्चीवर उन्हात बोलवायचा. मग तास घ्यायचा. खरोखरचा तास, फळा आणि खडूसकट. ढेकूण दिवसा कुठं बसतो, अंडी कशी चिकटवतो, माणसाच्या श्वासाचा माग कसा काढतो. पोरांच्या अभ्यासक्रमात जीवशास्त्र होतंच, त्यामुळं ती वह्या काढून बसायची. खाली बालाजीराव घड्याळ बघत येरझाऱ्या घालायचे. “डॉक्टर, फवारा मारा अन् मोकळं करा की! लेक्चर कामून?” त्यावर मिलिंदचं उत्तर ठरलेलं. “बालाजीराव, ही पोरं दिवाळीला गावी जाणार. पेटीत ढेकूण घेऊन जाणार. उमरी, बिलोली, हिमायतनगर... लातूर पॅटर्न सगळीकडं पसरला तर पाहिजे का तुम्हाला?” मग वाफेचं मशीन लावून कॉटचा एकेक सांधा शेकायचा, फटींत औषध, आणि अंडी औषधाला दाद देत नाहीत म्हणून काही दिवसांनी बोलवायची वाट न बघता पुन्हा हजर. पोरं झोपायला लागली. शेजारच्या हॉस्टेलच्या मालकानं बालाजीरावांना विचारलं, तुमची पोरं एवढी ताजीतवानी कशी? बालाजीरावांनी लाजत लाजत, आवाज खाली आणून नंबर दिला.

लाजणं हा या धंद्यातला मोठा भाग. ढेकूण झाले हे कुणी कबूल करत नाही. लॉजवाले त्याला मागच्या दारानं बोलवायचे, बंगलेवाले अंधार पडल्यावर. एक वकीलसाहेब तर म्हणाले होते, विचारलं कुणी तर वायरिंग तपासायला आलो म्हणा. आणि आमचा हा मिलिंद! त्यानं आपल्या स्कूटरच्या पुढं-मागं ढेकणाचं एवढं मोठं चित्र काढून घेतलं होतं की सिग्नलला लोक दोन पावलं मागं सरकत. खाली रंगवलेलं, ‘डॉ. मिलिंद, ढेकूणवाले’. मी म्हटलं, अरे, निदान ‘कीटक नियंत्रण तज्ज्ञ’ तरी लिही. तर म्हणे, “मॅडम, रात्रभर ढेकूण चावून राहिल्यावर माणूस तज्ज्ञ शोधत न्हाई. ढेकूणवाला शोधतो.”

एका उन्हाळ्यात त्यानं कॉलेज सोडलं. सोडलं म्हणजे काय, सुट्टीनंतर परत गेला नाही, आणि त्याची आठवण यायला कॉलेजला बरेच दिवस लागले. नांदेडला भेटून आम्ही चहा पीत होतो तेव्हा त्यानं मला सांगितलं. मी हबकलेच. एवढा अभ्यास, एवढी वर्षं, ते सगळं ढेकणांवर सोडायचं? तो म्हणाला, “ढेकणांवरच तर केला ना अभ्यास!” मग जरा गंभीर होऊन म्हणाला, “अण्णांना सांगायचंय. तेवढंच अवघड हाय. बाकी सगळं जमलं.”

अण्णांना सांगण्याचा प्रसंग मी पाहिला नाही, पण त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला की पाहिल्यासारखाच आहे. अण्णा पक्के उपासक. रोज सकाळी आंघोळ करून वंदना, पंचशील, सगळं मोठ्या आवाजात. मिलिंदनं चाचरत सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “पहिलं शील कोणतं?” प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील. शाळेतल्या पोराला पाढा विचारावा तसं त्यांनी ते त्याच्याकडून म्हणून घेतलं आणि वर विचारलं, “मग?” मिलिंद म्हणाला, “अण्णा, तुमची शाळा होती तिथं मलेरियावाले फवारणीला यायचे. तुम्हीच दार उघडून द्यायचा.” अण्णा म्हणाले, “ते सरकारी होते.” विषय संपला. त्या दिवसापासून मिलिंद गावी मुक्कामाला असला की वंदनेत पहिल्या शीलाला अण्णांचा आवाज एक पट्टी वर जायचा. विशाखा नर्स, दवाखान्यात रात्रपाळी करून आलेली. ती पांघरुणातून म्हणायची, “झालं. तुमच्यावर केस सुरू झाली.”

खरी गोष्ट अशी, की अण्णांचं दुखणं ढेकणांचं नव्हतंच. गावात ते सांगून बसले होते, मुलगा लातूरला प्राध्यापक आहे. लग्नपत्रिकेत ‘प्रा. डॉ.’, वास्तूच्या कार्यक्रमात ‘प्रा. डॉ.’, पाहुण्यारावळ्यांत ‘प्रा. डॉ.’ कुणी विचारलं, कोणतं कॉलेज, तर अण्णा म्हणायचे, “लातूरची कॉलेजं काय एक हायत का?” ढेकणाच्या चित्राची स्कूटर गावात आणायला बंदी होती. मिलिंद एस.टी.नं यायचा. तो हे सगळं हसत हसत सांगायचा. पण एकदा आमच्याकडं जेवता जेवता मध्येच थांबला आणि म्हणाला, “मॅडम, मला गावजेवण नको. अण्णांनी एका माणसाला सांगावं, माझा पोरगा हे हे काम करतो. एकाच. भाजीवालीला सांगितलं तरी चालंल.” आणि पुन्हा भाकरी मोडायला लागला.

मग अण्णांच्या घरातच ढेकूण झाले. मिलिंद आणि विशाखा गावी आले होते, म्हणून मी त्या दिवशी बिलोलीहून येता येता त्यांच्याकडं थांबले होते. भावकीत लग्न झालेलं, पाहुण्यांच्या वळकट्या अण्णांच्या माळवदाच्या खोलीत पडलेल्या होत्या. मिलिंद सवयीनं पलंगाकडं वळला, तसे अण्णा आडवे आले. “इथं नको. खुर्चीवर बस.” “का?” “पलंग जुना झाला.” मिलिंदनं त्यांच्या मानेवरचे लाल फोड पाहिले आणि काही न बोलता गादीचा कोपरा उचलला. मग अण्णांनी मोठ्या नाइलाजानं कोनाड्यातली काड्यापेटी काढून दाखवली. पहिलं शील मोडू नये म्हणून अण्णा रात्री उठून एकेक ढेकूण कापसाच्या बोळ्यानं उचलत, काड्यापेटीत घालत आणि सकाळी बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागं नेऊन सन्मानानं सोडून येत. बरेच दिवस हा कार्यक्रम चालला होता. मिलिंदनं काड्यापेटी कानाशी धरली, उघडून पाहिली, बंद केली आणि म्हणाला, “अण्णा, हे रोज किती नेता?” अण्णा म्हणाले, “जेवढे सापडतील तेवढे.” “अन् सापडत न्हाईत ते?” अण्णांनी त्याच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी प्यायला आत गेले, तिथं विशाखा तोंडात पदर कोंबून उभी होती.

दुसऱ्याच दिवशी मिलिंद लातूरहून मशीन घेऊन आला. स्कूटरवरून नव्हे, बंदी होती, एस.टी.च्या टपावर टाकून. काम सुरू व्हायच्या आत अण्णा काठी घेऊन विहारात जाऊन बसले. आपल्या साक्षीनं हिंसा नको. सगळा दिवस तिथंच. संध्याकाळी घरी आले, पलंगाला बोट लावून पाहिलं, जेवले, झोपले. सकाळी उठले तर वंदनेची वेळ टळून गेलेली. आयुष्यात पहिल्यांदा. मिलिंदनं चहा पुढं केला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, “झोप लागली.” मिलिंदनं मला ते फोन करून सांगितलं, एकदा नव्हे, दोनदा. पण त्यानंतरच्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत? ‘प्रा. डॉ.’ जसंच्या तसं.

माझं बिलोलीचं रडगाणं तोवर चालूच होतं. मला त्यातून ओढून काढलं ते मिलिंदनंच. लातूरच्या एका गोदामवाल्याला धान्यातली कीड ओळखणारं माणूस हवं होतं. मी म्हटलं, माझी पीएच.डी. माशांवर. तो म्हणाला, “मासे आपल्याला नोकरी देणार न्हाईत, मॅडम. डाळ देईल.” मी महिनाभर कुढले. घरी सांगितलं तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, “डाळीतले किडे निवडायला पीएच.डी. लागती का? आम्ही तर जन्मभर बिनपगारी निवडून राहिलो.” मी तोंड पाडून बसले, तर त्याच पुढं म्हणाल्या, “जा की मग. निदान तुला तरी पगार मिळंल.” मी गेले. आज मागं वळून पाहताना वाटतं, त्या दोघांनी मिळून मला धक्का दिला नसता तर मी अजूनही इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवून जाहिरातीची वाट बघत असते.

मिलिंदनं कॉलेज सोडलं हे आमच्या गाईड सरांना पटलं नव्हतं, त्यांचं मन वळायला वेळ लागला. मग एकदा त्यांनीच विभागात संशोधकांसाठी करिअरवर कार्यक्रम ठेवला आणि मिलिंदला बोलावलं. मीही गेले होते. सरांनी ओळख करून दिली, “कीटक व्यवस्थापन क्षेत्रातील नामवंत उद्योजक...” मिलिंद माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “सरांना सवय न्हाई म्हणून ते अवघड बोलून राहिले. मी ढेकूण मारतो.” सभागृहात हशा. मग त्यानं नीट सांगितलं. पीएच.डी.नं मला किड्यांची माहिती दिली, पण त्याहून जास्त, न सुटणाऱ्या गोष्टीपाशी बसून राहायची सवय दिली. ही सवय कॉलेजाबाहेरही चालते, बाहेर तर तिची फार टंचाई आहे. भाषण छान झालं. नंतर पोरांपोरींनी त्याला घेरलं. मला वाटलं, काय मोठमोठे प्रश्न विचारत असतील! जवळ जाऊन ऐकलं तर पहिलाच विचारत होता, “सर, आमच्या हॉस्टेलातबी झालेत. कधी येता?” मिलिंदनं तिथंच बाह्या सरसावल्या. पण सगळे पांगल्यावर एक मुलगी मागं राहिली. हिमायतनगरकडची, गवतावर संशोधन करणारी. ती म्हणाली, “सर, घरी कसं सांगितलं?” मिलिंदनं सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. मग म्हणाला, “मी सांगितलं. त्यांनी अजून ऐकलं न्हाई. तू सांगून बघ.”

आणि मग हे असं झालं. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, विशाखानं जे करायचं ते सगळं केलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ती नर्स असून काही करू शकली नाही, हे ती अजून स्वतःला माफ करत नाही. मी तिला सांगत राहते, आणि ती ऐकत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावी होता. दारात मंडप, आणि मंडपाच्या मागं मोठा फलक, त्यावर मिलिंदचा मुलाखतीच्या शर्टातला फोटो आणि अर्थातच ‘प्रा. डॉ.’ वंदना झाली. मग भाषणं सुरू झाली. विद्यार्थीप्रिय प्राध्यापक हरपला, ज्ञानदानाचा वसा घेतलेला शिक्षक गेला, कॉलेज पोरकं झालं... ज्या कॉलेजला तो गेल्याचं आधीही कळलं नव्हतं ते आता पोरकं झालं होतं. माझ्या अंगाची लाही होत होती. शेजारी बसलेली विशाखा हळूच म्हणाली, “ताई, हे कुणाबद्दल बोलून राहिले? मी ज्याच्यासोबत राहिले त्याच्याबद्दल कुणी बोलंल का न्हाई? तुम्ही तरी बोला.” मी उठले, माईकपाशी गेले. समोर अण्णा. पांढरा सदरा, खिशाला पेन, पण खांदे इतके खाली आलेले की सदरा दुसऱ्या कुणाचा वाटावा. मुलगा गेलेल्या माणसाला भर मंडपात खोटं कसं पाडायचं? मी म्हणाले, “मिलिंदनं मला कामाला लावलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांना लावलं.” कोणतं काम, ते जिभेवर येऊन थांबलं. विशाखाकडं न बघता मी जागेवर येऊन बसले.

आभार मानायला अण्णाच उभे राहिले. “आपण सगळे लांबून आलात...” एवढं म्हणाले आणि त्यांच्या खिशात फोन वाजला. मिलिंदचा फोन. तो गेल्यापासून अण्णांनी तो कुणाला हातात घेऊ दिला नव्हता, बंदही करू दिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, राहू द्या गुरुजी. पण वाजणारा फोन उचलायचा असतो, हा अण्णांचा नियम. आणि कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवर बोलतात. त्यांनी बटण दाबलं, हात माईकजवळच होता, आणि सगळ्या मंडपात, वाड्यावस्तीत, गिरणीपर्यंत आवाज घुमला, “हॅलो, ढेकूणवाले डॉक्टर हायत का? पोरींच्या हॉस्टेलवरून बोलून राहिले. लई झालेत हो, पोरी रडकुंडीला आल्यात!”

ज्येष्ठ मंडळींनी माना खाली घातल्या. एका पुतण्यानं धावत जाऊन माईकची वायर हातात घेतली, पण अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो तिथंच थांबला, वायर धरून. अण्णा मागच्या फलकाकडं वळले, फोटोकडं बघत राहिले. पलीकडून बाई “हॅलो, हॅलो” करत होती. मग अण्णा बोलले, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्यांच्या आवाजात. “हाव. ढेकूणवाल्या डॉक्टरचंच घर हाय हे. मी त्याचा बाप बोलून राहिलो.” थांबले. पुन्हा बोलले, “माझा पोरगा गेला, बाई. ढेकणाच्या कामात त्याच्यासारखा माणूस न्हाई झाला.” पलीकडची बाई घाबरून माफी मागायला लागली. अण्णा म्हणाले, “माफी कशाची? पोरींना झोप पाहिजे. हॉस्टेलचं नाव सांगा.” खिशाचं पेन काढून त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं. मग विशाखाकडं बघितलं. सुट्टीच्या दिवशी ती कितीदा तरी मिलिंदसोबत मशीन धरायला गेली होती, हे त्यांना ठाऊक होतं असं दिसलं. विशाखानं डोळे पुसत मान हलवली. “आमची सून येईल,” अण्णा फोनमध्ये म्हणाले, “गाद्या उन्हात टाकून ठेवा.” आभार मानायचे राहूनच गेले.

आता विशाखानं दवाखान्यातली रात्रपाळी सोडलीय, मशीन तीच चालवते. अण्णा लातूरला तिच्याकडं असतात आणि फोन त्यांच्याकडं असतो. चष्मा न लावता उचलतात, त्यामुळं कुणाचा आहे ते त्यांना दिसत नाही. परवा गोदामात तुरीचा नमुना चाळताना एक चमत्कारिक भुंगेरा सापडला. हे मिलिंदला दाखवायला पाहिजे, असं म्हणत मी सवयीनं त्याचा नंबर लावला, आणि वाजायला लागल्यावर भानावर आले. तोवर फोन उचलला गेला होता. “बोला. ढेकूणवाल्या डॉक्टरांचं घर,” अण्णा म्हणाले. माझ्या तोंडून शब्द फुटेना. अण्णांनी थोडी वाट पाहिली. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “बोला बाई, लाजू नका. ढेकूण कुणाच्याबी घरात होतात. आमच्याबी झाले होते.”